पाणी किती तापलंय ते आधी बघा

वसंत लागला की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. यंदाची बहुतेक पत्रं तळ्यांवरच्या फ्लाय फिशिंगची, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या हलक्या खोट्या आमिषाने (फ्लायने) मासे धरण्याची आहेत, आणि लिहिणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांची काठी मुळात ट्राउटसाठी घेतलेली आहे. ट्राउटचं पाणी गार आणि वाहतं. बास, ब्लूगिल, क्रॅपी, कार्प हे उबदार, संथ पाण्यातले मासे. त्यांचा वसंत निराळ्या हिशेबाने येतो. तो हिशेब एकदा कळला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून पहिल्या उत्तराला मी जरा जास्त जागा घेतली आहे. चौथ्यालाही घेतली आहे. त्याचं कारण तिथेच कळेल.

प्रश्न: आमच्याकडच्या तळ्यावरचा बर्फ जाऊन तीन आठवडे झाले. दुपारी जॅकेट काढावं लागतं इतकं ऊन असतं. तरी बास सोडाच, ब्लूगिलसुद्धा फ्लायकडे फिरकत नाही. मी फार लवकर सुरुवात केली का?

हो, लवकर आहे. हवा तापायला एक सकाळ पुरते, तळं तापायला आठवडे लागतात. पाणी 4 अंश सेल्सिअसला सगळ्यांत जड असतं. बर्फ गेल्यावर वरचं पाणी तापत तापत 4 अंशांवर आलं की खाली बसतं, आणि काही दिवसांत वरपासून तळापर्यंत सगळं तळं जवळपास एकाच तापमानाचं होतं. अशा पाण्याला वारा सहज ढवळतो. दिवसभरात काठाला जमलेली ऊब संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर खोल पाण्यात वाटली जाते. वरचं पाणी खालच्यापेक्षा बरंच गरम, म्हणून हलकं होऊन वरच राहायला लागलं की खरा बदल होतो. तोवर मासाही गारच असतो, कारण त्याच्या अंगाचं तापमान म्हणजे पाण्याचं तापमान. 7-8 अंशांत बासचं पचन इतकं मंद चालतं की एकदा खाल्लेलं त्याला कित्येक दिवस पुरतं. नाकासमोरून फ्लाय गेली तरी तो तिच्यामागे धावत नाही.

माझ्या पिशवीत फ्लायच्या डबीच्या आधी थर्मामीटर जातो. धातूच्या नळीतला साधा थर्मामीटर, त्याला दोरी, दोरीला दर अर्ध्या मीटरवर एक गाठ. एकदा काठाजवळच्या गुडघाभर पाण्यात आणि एकदा दीड-दोन मीटर खोलीवर, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबायचं आणि वर काढून लगेच वाचायचं. दोन्ही आकडे सारखेच आले तर ऊब अजून काठाला टिकत नाही. काठाजवळ दोन-तीन अंश जास्त दिसले तर मासे तिथे येणार. हे आकडे तारीख, वेळ आणि वाऱ्याच्या दिशेसह वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्या वहीइतका उपयोग कुठल्याही पुस्तकाचा होणार नाही.

लक्षात ठेवायचे टप्पे थोडेच आहेत. पाणी अजून 5 ते 10 अंशांत असतानाच पाइक उथळ गवतात अंडी घालून मोकळा होतो. 10 ओलांडले की बास खोल पाणी सोडून काठाकडे सरकायला लागतात आणि सावकाश चालवलेल्या बुडत्या फ्लायला तोंड लावतात. 14 ते 18 च्या दरम्यान क्रॅपी पाण्यात पडलेल्या झाडाझुडपांत गोळा होते. बासच्या दोन जातींपैकी स्मॉलमाउथची घरटी 13 ते 18 या टप्प्यात दिसतात, लार्जमाउथची साधारण 15 च्या पुढे. ब्लूगिल सगळ्यांत शेवटी. 19-20 अंश झाल्याशिवाय ती घरटं करायला घेत नाही. थर्मामीटर फॅरेनहाइटचा असेल तर 50, 60 आणि 68 हे तीन आकडे डबीच्या झाकणावर लिहून ठेवा.

तळं सगळीकडे सारखं तापत नाही, आणि याचाच फायदा घ्यायचा. उत्तर गोलार्धात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तळ्याच्या उत्तर काठाला ऊन जास्त मिळतं. शिवाय उत्तरेचा गार वारा त्या काठावरच्या झाडांनी अडतो. उथळ, काळपट चिखलाच्या, वारा न लागणाऱ्या खाड्या सगळ्यांत आधी तापतात. दोन दिवस दक्षिणेचा वारा वाहिला तर वरचं गरम पाणी तो उत्तर काठाला लोटत नेतो. अशा दुपारी मी दुसरीकडे कुठेही जात नाही. पहाटे पोहोचायची सवय मात्र वसंतात सोडा. रात्री काठाचं पाणी पुन्हा निवतं, मासे मागे सरकतात आणि दुपारी दोन-तीननंतर परत येतात. सकाळची झोप पूर्ण करून निघालात तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: माझ्याकडे 5 नंबरची नऊ फुटी काठी आहे. तिच्यावर बास पकडता येईल का, की नवी घ्यावी?

ब्लूगिल, क्रॅपी आणि लहान बाससाठी तीच काठी उत्तम. मोठा बासही तिच्यावर दमवता येतो. अडचण येते ती त्याला लागणारी फ्लाय फेकताना. फ्लाय फिशिंगमध्ये आपण फ्लाय फेकत नाही, लाइन, म्हणजे रीलवरची जाड, वजनदार दोरी फेकतो आणि फ्लाय तिच्या मागून जाते. काठीचा नंबर म्हणजे तिला जुळणाऱ्या लाइनचा नंबर. ठरलेल्या प्रमाणानुसार 5 नंबरच्या लाइनच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 140 ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास भरतं. 8 नंबरच्या लाइनचं 210 ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या पुढे. अंगठ्याएवढा पॉपर (पाण्यावर तरंगणारी, ओढली की आवाज करणारी फ्लाय) किंवा हरणाच्या केसांचा बेडूक हवा फार अडवतो. हलकी लाइन त्याला ओढून नेऊ शकत नाही. कास्ट, म्हणजे लाइनची फेक, हवेतच मोडतो आणि गळ कानाजवळून जातो.

म्हणून पाचच्या काठीला 8 किंवा 10 नंबरच्या गळावरचे (गळाचा नंबर मोठा तितका गळ लहान) छोटे पॉपर, फोमचे कोळी आणि लहान बुडत्या फ्लाय लावा. एक वसंत असा काढा. बासची गोडी लागलीच तर 7 किंवा 8 नंबरची काठी घ्या. रील साधा चालेल, बास फार लांब धावत नाही. लाइनवर पैसे खर्च करा: पुढच्या टोकाला वजन एकवटलेली, आखूड निमुळती लाइन बाससाठी मिळते. ट्राउटचा बारा फुटी नाजूक लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक दोरा) काढून साडेसात फुटांचा, टोकाला 0एक्स किंवा 1एक्स जाडीचा लावा. 0एक्स म्हणजे 0.011 इंच. ट्राउटवाल्यांना ते दोरखंड वाटेल, पण लव्हाळ्यात घुसणाऱ्या माशाला मागे ओढायचं तर तेवढं हवंच. ब्लूगिलला त्याहून बारीक 4एक्स पुरे.

प्रश्न: पॉपरवर पाणी उडतं, आवाज येतो, मी काठी उचलते आणि गळ रिकामा. दहापैकी आठ वेळा असंच होतं. गळ बदलू का?

आधी हात बदला. काठी वर उचलणं ही ट्राउटची सवय आहे. तिथे गळ बारीक, तार नाजूक आणि मासा प्रवाहात असतो. टोक उचललं की काम होतं. पॉपरचा गळ जाड असतो. काठी उचललीत की ती वाकते, तुमचा सगळा जोर त्या वाकण्यात जातो आणि गळापर्यंत थोडाच पोहोचतो. वर पॉपर हवेत उडाल्यामुळे तोच मासा परत यायची शक्यताही संपते. काठीचं टोक पाण्याला टेकलेलं ठेवा, काठी फ्लायच्या रेषेत सरळ. मासा आला की डाव्या हाताने लाइन लांब आणि ठाम ओढा. वजन हाताला लागलं की मग काठी उचला. वजन लागलं नाही तर पॉपर अजून पाण्यातच आहे, आणि बास पुष्कळदा वळून दुसऱ्यांदा घेतो.

घाई हे दुसरं कारण. बास तोंड उघडतो तेव्हा पॉपरभोवतीचं पाणी पॉपरसकट आत शोषून घेतो. पाणी उडालेलं दिसताच ओढलंत तर फ्लाय त्याच्या तोंडात शिरायच्या आतच निसटते. पाण्याकडे बघून ओढू नका, लाइनकडे बघा. ती हलली की ओढा.

‘आवाज येतो’ म्हणता, तो कसला येतो? बास घेतो तेव्हा पाणी फुटल्यासारखा आवाज होतो. बारीक, चुटपुट चुंबनासारखा आवाज असेल तर ती ब्लूगिल. तिचं तोंड करंगळीच्या टोकाएवढं असतं. मोठा गळ त्यात मावतच नाही, ती नुसते रबराचे पाय ओढून सोडते. 10 नंबरचा पॉपर लावा.

ब्लूगिल पॉपर कसा घेते ते स्वच्छ पाण्यात, पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून एकदा नीट पाहा. पॉपर पडतो, वलयं पसरतात. ती खालून वर येते आणि वीतभर अंतरावर थांबते. शेपूट जवळजवळ स्थिर, छातीजवळचे पर तेवढे चालू, एक डोळा वर लागलेला. मग ती एक बोटभर मागे सरकते. माणूस नेमका इथेच अधीर होऊन पॉपर ओढतो आणि ती वळून जाते. काही करू नका. वलयं विरू द्या, त्यानंतरही मनात दहा मोजा. रबराचे पाय वाऱ्याने नुसते थरथरतात, तेवढं तिला पुरतं. थांबलेला पॉपर हलत्या पॉपरपेक्षा जास्त मासे देतो. वसंतात हे आणखी खरं, कारण पाणी अजून गार असतं आणि मासा सावकाश ठरवतो.

गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून अलगद ओढून पाहा. रुतलं तर ठीक, घसरलं तर कानस फिरवा.

प्रश्न: मे महिन्यात उथळ पाण्यात बास घरट्यावर बसलेले स्पष्ट दिसतात. फ्लाय टाकली की लगेच घेतात. माझा मित्र म्हणतो, सोडून द्यायचाच आहे तर काय हरकत? मला मात्र बरं वाटत नाही. तुमचं मत काय?

तुम्हाला जे वाटतंय ते बरोबर आहे.

घरट्यावर दिसतो तो नर. शेपटीने चिखल आणि पाचोळा झाडून तो खालची वाळू-खडी उघडी करतो, म्हणून घरटं फिकट, गोल चकतीसारखं दिसतं. रुंदी साधारण त्याच्या लांबीच्या दुप्पट. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं तो एकटा करतो. परांनी वारा घालून अंड्यांवर गाळ बसू देत नाही, जवळ येणाऱ्याला हाकलतो. पाणी 18-20 अंश असेल तर तीन-चार दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं आणखी आठवडाभर घरट्यातच राहतात, मग काळ्या धुरळ्यासारखा थवा करून बाहेर पडतात, आणि नर त्या थव्याबरोबरही कित्येक दिवस फिरतो. या काळात तो फार कमी खातो. तुमची फ्लाय त्याने घेतली ती भुकेने नव्हे. घरट्यात घुसलेली वस्तू तोंडात धरून तो बाहेर टाकत होता. ज्याला ‘लगेच घेतात’ म्हणतात ते हे.

‘सोडून देतो’ हे बोलणं माशापुरतं खरं आहे, घरट्यापुरतं नाही. नर गळाला लागून काठाकडे ओढला जातो तेवढ्या वेळात आजूबाजूच्या ब्लूगिल आणि पर्च मासे घरट्यावर तुटून पडतात. कॅनडातल्या ओंटारियो आणि अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या मत्स्यशास्त्रज्ञांनी पाण्यात उतरून अशी घरटी पाहिली आहेत, नर पकडून, सोडून पुढे काय होतं ते मोजलं आहे. नर जितका जास्त वेळ दूर, तितकी अंडी-पिल्लं कमी उरतात, आणि फार थोडी उरली तर परत आलेला नरही घरटं सोडून देतो. दमलेला नर परत आला तरी पूर्वीच्या जोमाने राखण करत नाही. सगळ्यांत मोठे, सगळ्यांत आक्रमक नर, म्हणजे सगळ्यांत चांगले राखणदार, तेच फ्लायवर आधी येतात. एखाद्या तळ्यातल्या एकूण बासवर याचा परिणाम किती, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. जिथे हंगाम लांब तिथे नुकसान भरून निघायला वाव जास्त, उत्तरेकडच्या थोडक्या उन्हाळ्यात तो कमी. पण समोर दिसणाऱ्या त्या एका घरट्याचं काय होणार, याबद्दल शंका नाही.

म्हणूनच ओंटारियोच्या बऱ्याच भागात बासचा हंगाम वसंतात बंद असतो आणि जूनमध्ये उघडतो. बंदीच्या काळात ‘पकडून सोडतो’ म्हणून मुद्दाम बासच्या मागे जाणंही तिथे नियमात बसत नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा, काही ठिकाणी तळ्यागणिक निराळा. परवाना काढताना त्या वर्षीचं नियमपत्रक वाचाच. पण नियम परवानगी देत असला तरी मी घरट्यावर फ्लाय टाकत नाही, आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांनाही टाकू देत नाही. यात मी कुणाची भीड ठेवत नाही.

मग मे महिन्यात करायचं काय? घरट्यांकडे पाठ करा. उथळ भाग संपून तळ जिथे एकदम उतरतो, त्या कडेला अंडी घालायच्या तयारीतल्या आणि घालून परतलेल्या माद्या रेंगाळतात. तिथे दोन-तीन मीटर खोलीवर, मध्यम बुडणाऱ्या लाइनवर गडद रंगाची वूली बगर नावाची बुडती फ्लाय सावकाश ओढा, मधे मधे पूर्ण थांबा. शिवाय त्याच सुमारास क्रॅपी झुडपांत असते. तिच्यासाठी छोटी पांढरी किंवा पिवळी फ्लाय एका ठरलेल्या खोलीवर धरून ठेवायची, कारण क्रॅपी आपल्यापेक्षा खाली गेलेल्या वस्तूकडे सहसा वळत नाही, वर बघून खाते.

ब्लूगिलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी तिथेही हाच विचार लागतो. ब्लूगिलच्या वसाहती असतात, मधमाशांच्या पोळ्यासारखी एकाला एक लागून घरटी. हंगाम लांब असतो, ब्लूगिल उन्हाळाभर पुनःपुन्हा अंडी घालतात, म्हणून काही मासे पकडले तर तळं सहज सोसतं. पण कोणते मासे, हे महत्त्वाचं आहे. ओंटारियोतल्या ओपिनिकन सरोवरात झालेल्या अभ्यासातून कळलं की ब्लूगिलचे सगळे नर सारखे नसतात. काही सात वर्षं वाढून मोठे होतात, घरटी बांधतात, पिल्लं राखतात. काही दोन वर्षांतच वयात येतात, घरटं बांधतच नाहीत. दुसऱ्याच्या घरट्यात चोरून शिरतात, पुढे मोठे झाल्यावर मादीचं रूप घेऊन शिरतात. तांबूस-नारिंगी छातीचे, हाताच्या पंजापेक्षा मोठे नर तेवढे बादलीत टाकत गेलात तर राखणदार संपतात, उरलेले नर वाढण्याआधीच विणीला लागतात, आणि काही वर्षांत तळ्यात बोटाएवढ्या ब्लूगिलच उरतात. खायला न्यायच्या असतील तर मधल्या आकाराच्या न्या. मोठा नर हातात आला की पाण्यातच गळ काढून सोडा.

प्रश्न: शनिवारी भरपूर मासे, रविवारी त्याच जागी, त्याच वेळी एकही नाही. मधे रात्री पाऊस झाला आणि रविवारी आकाश लख्ख निळं होतं. असं का?

तो पाऊस थंड हवेची आघाडी घेऊन आला. तिच्या मागून कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उत्तरेचा वारा येतो. उथळ पाणी एका रात्रीत तीन-चार अंशांनी उतरू शकतं, आणि काठाला आलेले मासे लगतच्या खोल कडेला किंवा गवताच्या दाट मुळांशी जाऊन बसतात. ते तळं सोडून गेलेले नसतात. पॉपर ठेवून द्या, फ्लाय लहान करा, वेग निम्मा करा आणि मासा असेल त्याच्या अगदी जवळून न्या, कारण आता तो हातभरही पुढे येणार नाही. दोन-तीन उबदार दिवस गेले की गाडी रुळावर येते. आघाडी यायच्या आधीची ढगाळ, दमट दुपार मात्र घरात बसून घालवू नका. फक्त वीज दिसली तर तत्क्षणी काठी खाली ठेवा; काठी ग्राफाइटची असते आणि ग्राफाइटमधून वीज वाहते.

प्रश्न: माझ्याकडे होडी नाही आणि काठावर पाठीमागे सगळी झाडं. प्रत्येक कास्टला फ्लाय फांदीत. काही उपाय?

रोल कास्ट शिका. त्यात लाइन मागे जातच नाही. पाण्यावर पडलेली लाइन सावकाश आपल्याकडे ओढत काठी खांद्याच्या जरा मागे न्यायची आणि थांबायचं. लाइनचं पोट कोपरामागे लोंबू द्यायचं, मग काठी पुढे झटकून खांद्याच्या उंचीवर थांबवायची. थांबणं विसरलात तर लाइन पायाशी गोळा होते. मोठा पॉपर असा फार लांब जाणार नाही, पण वसंतात लांब फेकायची गरजही नसते, मासे काठालाच असतात.

त्यामुळे समोर खोल पाण्यात टाकण्यापेक्षा काठाला समांतर टाका. समोर टाकलेली फ्लाय माशांच्या पट्ट्यातून काही क्षणच जाते, समांतर टाकलेली सगळा वेळ त्यातच राहते. आणि पाण्यात पाय घालायच्या आधी तुमच्या पायाजवळचं पाणी तपासा. सावली पडू न देता, काठापासून दोन पावलं मागे उभं राहून पहिला कास्ट अगदी जवळ टाका. कितीतरी जण सगळ्यांत चांगल्या माशाला बुटाने हुसकावून मग लांब फेकत बसतात.

प्रश्न: डबीत नेमक्या कोणत्या फ्लाय ठेवू? दुकानात शेकडो दिसतात.

चार-पाच प्रकार पुरतात, मापं मात्र दोन-तीन ठेवा. वूली बगर काळी आणि हिरवट: पेनसिल्व्हेनियात रसेल ब्लेसिंग यांनी 1967 साली ती बांधली ती मुळात स्मॉलमाउथ बाससाठीच. जळू, क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी), लहान मासा, मासा मानेल ते ती होते. क्लाउझर मिनो पांढरी-हिरवी: बॉब क्लाउझर यांची, तीही पेनसिल्व्हेनियातली, सस्क्वेहाना नदीवरच्या स्मॉलमाउथसाठी केलेली. वजनी डोळे गळाच्या सरळ दांडीच्या (शँकच्या) वरच्या बाजूला बसवल्याने गळ उलटा, टोक वर करून चालतो आणि दगडांत अडकत नाही. फोमचा, रबरी पायांचा कोळी. छोटे पॉपर. आणि टाचणी या चतुरासारख्या बारीक किड्याच्या पाण्यातल्या अळीची नक्कल करणारी हिरवी निम्फ, कारण वसंताच्या शेवटी या अळ्या लव्हाळ्यांकडे पोहत येतात आणि ब्लूगिल त्यांच्या वाटेवर उभ्या असतात. दुकानातल्या बाकीच्या फ्लाय पाहायला सुंदर आहेत, जरूर पाहा.

प्रश्न: माझी नऊ वर्षांची मुलगी हट्ट धरून बसली आहे. तिला इतक्यात शिकवावं का?

जरूर शिकवा, आणि ब्लूगिलवरच शिकवा. पाणी 20 च्या वर गेलं की दुपारी उशिरा न्या. हलकी, आठ फुटांची काठी, फोमचा कोळी, काठापासून काठी-दोन काठी अंतर. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट करा. मासाही लवकर सुटतो आणि बोटात रुतलेला गळही. डोळ्यांवर चष्मा दोघांच्याही, अपवाद नाही. मासा धरायच्या आधी हात ओले करायला शिकवा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि जंतूंपासूनचं त्याचं संरक्षण जातं. ब्लूगिलच्या पाठीवरचे काटे टोचतात, म्हणून डोक्याकडून शेपटीकडे तळवा फिरवत ते खाली दाबून धरायचं. हे एकदा दाखवलंत की मुलं मोठ्यांपेक्षा नीट करतात. कंटाळा दिसला की काठी गुंडाळा. बेडूक बघण्यातही वेळ छान जातो.

प्रश्न: उथळ पाण्यात मोठाले कार्प फिरताना दिसतात. ते फ्लाय घेतात का?

घेतात, आणि या यादीतला सगळ्यांत अवघड, सगळ्यांत ताकदीचा मासा तोच. आधी त्याचं वागणं बघा. वर तरंगत ऊन खाणारा किंवा घोळक्याने गवतात खळबळ करत अंडी घालणारा कार्प खात नसतो, त्याच्यावर वेळ घालवू नका. डोकं खाली, शेपूट वर, आजूबाजूला चिखलाचा ढग, तो खातोय. 8 नंबरच्या काठीवर क्रेफिशसारखी लहान, तपकिरी, तळाला जाणारी फ्लाय त्याच्या पुढे दोन हातांवर टाका, मग ओढत त्याच्या तोंडापाशी आणून खाली बसू द्या. डोक्यावर पडली तर तो पळालाच समजा. झटका जाणवायची वाट पाहू नका. डोकं वळलं किंवा तो थबकला की लाइन हळूच ताणा. पुढच्या क्षणी लाइन बोटांतून सुटेल, म्हणून पायाशी गुंडाळी ठेवू नका. पहिल्या धावेत तो लाइन संपवून बॅकिंगवर, म्हणजे रीलमध्ये लाइनच्या मागे जोडलेल्या बारीक दोरीवर जातो. त्या दोघींमधली गाठ आदल्या रात्रीच ओढून तपासून ठेवा.